वासना म्हणजे आठवण : लीळाचरित्र वाचायला शिकताना

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतरचे आठ दिवस मेहकरातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात अभिनंदनाच्या पत्रकांच्या प्रती निघत होत्या. शाळांची पत्रके, पतसंस्थांची पत्रके, वाढदिवसाच्या फलकावर एक ओळ वाढवून छापलेली पत्रके. प्रत्येकात लीळाचरित्राचे नाव होते, कारण मराठीचे प्राचीनत्व सांगताना ते नाव टाळता येत नाही. रंगनाथ पठारे समितीने २०१३ साली शासनाला दिलेल्या अहवालापासून ही नावे सर्वांच्या तोंडी आहेत. प्रती काढता काढता मी सहज एकदोघांना विचारले, ‘तुम्ही लीळाचरित्र वाचले आहे का?’ उत्तर बहुतेक एकच आले : ‘शाळेत एक धडा होता. सशाचा.’

हा लेख त्या उत्तराबद्दल आहे. उत्तर देणाऱ्यांना मी दोष देत नाही. वयाच्या पस्तिशीपर्यंत माझेही उत्तर हेच होते. पण दर्जा भाषेला मिळतो आणि वाचन माणसाला करावे लागते. अभिजात ग्रंथ आपोआप वाचता येत नाही. तो वाचायला शिकावे लागते, आणि शिकवणारा भेटला नाही तर आपल्या चुकांकडून शिकावे लागते. मी बी. ए. दुसऱ्या वर्षी सोडले. मराठीचा प्राध्यापक मला वर्गात फारसा लाभला नाही. त्यामुळे माझे बहुतेक शिक्षण चुकांकडूनच झाले. त्यातली सर्वांत मोठी चूक आधी सांगतो, कारण या लेखाचे शीर्षक तिच्यातून आले आहे.

एका शब्दाने केलेली फजिती

लीळाचरित्राची छापील प्रत ग्रंथालयातून घरी आणली तेव्हा मी ते गोष्टींचे पुस्तक समजून वाचू लागलो. लीळा लहान लहान, संवाद खटकेबाज, माणसे आपल्यासारखी. पंधरावीस लीळांनंतर माझ्या लक्षात आले की मधूनच ‘वासना’ हा शब्द येतो, त्याच्या मागेपुढे कुणा शिष्याचे नाव असते, आणि नंतर तोच प्रसंग थोडा वेगळ्या रीतीने सांगितलेला असतो. मी अर्थ लावला : वासना म्हणजे इच्छा, लालसा. म्हणजे अमुक शिष्याच्या मनात प्रसंग असा घडावा अशी इच्छा होती! या शोधावर मी चार पानांचा लेख लिहिला. शिष्यांच्या मनातील सुप्त इच्छा ग्रंथात कशा डोकावतात, असा त्याचा विषय होता. एका स्मरणिकेत तो छापूनही आला. मला फार अभिमान वाटला.

काही महिन्यांनी दुकानात एक वयोवृद्ध महानुभाव गृहस्थ जुन्या वहीच्या प्रती काढायला आले. त्यांनी ‘दंडवत’ म्हटले, मी नमस्कार केला. बोलता बोलता मी माझा लेख त्यांच्या हाती दिला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, “भाऊ, वासना म्हंजे मनातली हाव नोहे. आठवन हाये, आठवन.”

मी विचारले, “बाबा, म्हणजे?”

ते म्हणाले, “ज्याच्या मनावर जसा ठसा राह्यला तसं त्यानं सांगतलं. लिवनाऱ्यानं तेबी ठेवलं, हेबी ठेवलं.”

एवढे बोलून त्यांनी प्रतींचे पैसे दिले आणि ते निघून गेले. माझ्या चार पानांत मात्र काही उरले नाही. वासना हा शब्द संस्कृतात ‘मनावर उरलेला संस्कार’ या अर्थानेही आहे, हे शब्दकोशात पाहिले असते तरी कळले असते. पण ओळखीच्या शब्दासाठी कोश उघडायचे आपल्याला सुचत नाही. अनोळखी शब्द वाचकाला थांबवतो, म्हणून तो त्याला वाचवतो. ओळखीचा शब्द मात्र बेसावध गाठतो. अभिजात साहित्य वाचण्याचा पहिला धडा मला असा मिळाला.

विस्कटलेली पोथी, सांभाळलेल्या आठवणी

वासनांचे महत्त्व कळायला ग्रंथाची घडण माहीत हवी. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांचे शिष्य रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध जमले. तिथे म्हाइंभटांनी, नागदेवाचार्यांच्या साहाय्याने, चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने जे पाहिले वा ऐकले, त्याच्याकडून ते मिळवायचे आणि लिहून घ्यायचे, अशी ही रीत. ग्रंथाचा काळ सामान्यतः इ. स. १२७८ च्या सुमाराचा मानतात. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे भाग. एकांकात चक्रधरांच्या एकट्याच्या भ्रमंतीचा काळ आहे, पुढच्या दोन भागांत शिष्यपरिवारासह काळ.

पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. मग ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास ही नावे या पुनर्बांधणीशी जोडलेली आहेत. स्मरणे तंतोतंत जुळेनात. अशा वेळी दोन मार्ग असतात. एक पाठ खरा ठरवून बाकीचे टाकून द्यायचे, किंवा सगळे ठेवून कोणते कुणाचे हे नोंदवायचे. लीळाचरित्राच्या परंपरेने दुसरा मार्ग धरला.

याशेजारी ज्ञानेश्वरीचे उदाहरण ठेवून पाहावे. ज्ञानेश्वरी इ. स. १२९० ची. तीनशे वर्षांत तिच्या प्रतींत पाठभेद माजले, तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी प्रती ताडून ती शुद्ध केली आणि पुढे कुणी तिच्यात भर घालू नये असे बजावले. एकनाथांचे काम थोर वाचकाचेच काम आहे. अनेक प्रतींतून एक पाठ निवडायला भाषेची आणि कवीच्या स्वभावाची पक्की जाण लागते. पण त्या निवडीनंतर सामान्य वाचकाला निवडायचे काही उरत नाही. लीळाचरित्रात ती निवड आजही वाचकाच्या हाती आहे. एकाच प्रसंगाची दोन स्मरणे समोर असतात. कोणत्या स्मरणात कोणता तपशील टिकला, कोणता गळाला, कुणाला चक्रधरांचे हसणे आठवले आणि कुणाला फक्त उपदेश, हे पाहत पाहत पुढे जावे लागते.

माझ्या फसलेल्या लेखात सत्याचा एक लहान कण होता, असे आता वाटते. शिष्यांची मने ग्रंथात दिसतात हे खरे. फक्त ती त्यांच्या हावेतून दिसत नाहीत, त्यांच्या आठवणीतून दिसतात. आणि ते लपून राहिलेले नाही. ग्रंथाने स्वतः नाव घालून सांगितले आहे. मी गुपित शोधत होतो आणि ग्रंथ उघडपणे बोलत होता.

‘सोपा ग्रंथ’ हा समज

लीळाचरित्राविषयी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपासून भाषणांपर्यंत एक वाक्य फिरत असते : तो साध्या बोलीत आहे, म्हणून सोपा आहे. या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा अर्धा भाग मला मान्य नाही.

ज्ञानेश्वरी अवघड समजली जाते, पण ज्ञानेश्वर वाचकाचा हात धरून चालतात. एक गोष्ट सांगितली की दृष्टांत, तो पुरेसा वाटला नाही तर दुसरा, मग तिसरा. श्रोत्याला काय वाटत असेल याची काळजीही ते मधूनच बोलून दाखवतात. लीळाचरित्राचा निवेदक यातले काही करत नाही. स्थळ सांगतो, माणसे सांगतो, कोण काय बोलले ते सांगतो आणि थांबतो. प्रसंग चांगला की वाईट, शिष्याचे चुकले की बरोबर होते, त्याला काय वाटले, याबद्दल अवाक्षर नाही. शब्द सोपे आहेत, पण त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा वाचकाने भरायच्या आहेत. हे काम अवघड आहे.

सशाचाच प्रसंग घेऊ. शाळेत आपण तो भूतदयेचा पाठ म्हणून शिकलो. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली आश्रय घेतो, पारधी तो मागतात, चक्रधर देत नाहीत, नंतर ससा सुटतो. तात्पर्य : प्राण्यांवर दया करावी. असे तात्पर्य निघाले की वाचन संपते.

आता हाच प्रसंग सावकाश वाचून पाहावा. पारधी दुष्ट रंगवलेले नाहीत. त्यांची सशावर पैज लागलेली आहे; म्हणजे त्यांचेही काही गुंतलेले आहे. ते हिसकावून घेत नाहीत, मागतात. चक्रधरही हिंसेवर प्रवचन देत नाहीत. बोलणे होते ते शरण आलेल्याबद्दल. आपल्याकडे जो आला त्याला देता येत नाही, एवढाच मुद्दा. हा मुद्दा पारध्यांनाही कळणारा आहे, कारण शरणागताला राखणे ही त्या काळच्या कोणत्याही माणसाला ठाऊक असलेली रीत होती. दयेचा उपदेश वरून खाली येतो. इथे मात्र दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या नियमावर बोलणे चालले आहे. आणि ससा सोडताना चक्रधर त्याला एखाद्या थोर माणसाला उद्देशून बोलावे तसे बोलतात. हे संबोधन धड्याच्या तात्पर्यात कधीच येत नाही. माझ्या मते प्रसंगाचा प्राण तिथेच आहे. दया करणारा मोठा आणि ज्याच्यावर केली तो लहान, ही उतरंड त्या एका संबोधनाने मोडते. निवेदक त्यावर बोट ठेवत नाही. वाचकाने थांबायचे की पुढे जायचे, हे वाचकावर सोडतो.

याच प्रसंगात गुडघ्यासाठी ‘जानु’ हा शब्द आहे. माझ्या पुतण्याला मी हा भाग वाचून दाखवला तेव्हा तो शब्द ऐकून तो खुदकन हसला. हल्ली तो शब्द भलत्याच कामाला लागला आहे. मी रागावलो नाही. माझ्या ‘वासने’पेक्षा त्याची चूक लहान होती.

वाचनाचे शास्त्र आपल्याच घरी

चांगला वाचक कसे व्हावे याविषयी इंग्रजीत पुष्कळ पुस्तके आहेत आणि त्यांची भाषांतरेही माझ्या दुकानात प्रतींसाठी येतात. पण मराठीत सातशे वर्षांपूर्वी एका समाजाने वाचनाची पद्धतशीर व्यवस्था उभी केली होती, याकडे आपले लक्ष जात नाही.

केसोबासांनी लीळांमधून चक्रधरांची वचने वेगळी काढली, त्यांचा सूत्रपाठ झाला. वचन प्रसंगातून सुटले की ते सुटसुटीत होते, पाठ करायला सोपे होते. पण कुणाला, कधी, कशावरून म्हटले हे हरवते. ही अडचण पंथीयांच्या ध्यानात आली. म्हणून ‘प्रकरणवश’ नावाचे लेखन झाले. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे त्यात सांगितलेले असते. केसोबासांच्याच दृष्टांतपाठात प्रत्येक दृष्टांताची मांडणी तीन पायऱ्यांची आहे : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांत मूळ विषयाला कसा लागू होतो त्याचा उलगडा. जात्यंधांनी हत्ती चाचपून पाहिल्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ती या ग्रंथात आहे. पुढे सूत्रांवर अन्वय लावणारे, लक्षण, आचार, विचार असे विभाग पाडून विवरण करणारे ग्रंथ झाले.

या सगळ्यामागे एकच शिस्त दिसते. वाक्य वाचले की विचारायचे : हे कुणी कुणाला म्हटले? कशावरून म्हटले? याचा दुसऱ्या वाक्याशी संबंध काय? आज सुविचारांच्या नावाखाली थोरामोठ्यांची वाक्ये मोबाईलवर सुटी फिरतात. त्यांच्यासाठी कुणी प्रकरणवश लिहील तर समाजावर उपकार होतील.

ही शिस्त केवळ पंडितांची नव्हती, हे अधिक महत्त्वाचे. लीळाचरित्रात महदाइसा सारखे प्रश्न विचारते. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून आपण तिला धवळ्यांसाठी ओळखतो, पण मला ती मराठीतील पहिली चोखंदळ श्रोती वाटते. ऐकलेले तिला पुरत नाही, ती पुन्हा विचारते. आणि नागदेवाचार्यांच्या आठवणी सांगणाऱ्या स्मृतिस्थळात प्रसंग आहे की संस्कृतातून ग्रंथरचना करू पाहणाऱ्या केसोबासांना आचार्यांनी थांबवले, कारण तसे झाले तर साध्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. भाषेच्या निवडीमागे वाचकाचा, त्यातही न शिकलेल्या श्रोत्या बायकांचा विचार होता. मराठीचे अभिजातपण सांगताना ग्रंथाचे वय सांगितले जाते. तो कुणासाठी लिहिला गेला, हे क्वचितच सांगितले जाते.

अर्थात याच परंपरेने पुढे आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले आणि काही शतके बाहेरच्या वाचकाला ते मिळाले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या संशोधकांना सकळ लिपीची किल्ली मिळाली तेव्हा हे भांडार उघडले. पवित्र ग्रंथाच्या रक्षणाची ती गरज असेल. आज त्या निर्णयाचा न्याय करण्याचा अधिकार मला वाटत नाही. पण लिपी उघडली म्हणून ग्रंथ उघडला असे होत नाही. देवनागरीत छापलेले लीळाचरित्रही पुष्कळांसाठी सकळ लिपीतच आहे.

बोलीचा आधार आणि बोलीचा धोका

आम्हा बुलढाणेकरांना एक सोय आहे. घरात वऱ्हाडी बोलली जाते, त्यामुळे जुन्या मराठीचे काही सूर कानाला परके लागत नाहीत. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ही कादंबरी २००२ साली आली, तेव्हा इथल्या अनेकांनी ती शब्दांवर न अडता वाचली. शहरातल्या वाचकाला ज्या जागी थांबावे लागले तिथे आम्ही हसलो किंवा गप्प झालो. बोली कानात असणे ही वाचकाची कमाई आहे, आणि ती शाळेत मिळत नाही.

माझी आजी पाहुण्यांना निरोप देताना ‘येजो’ म्हणायची, आम्हाला ‘नीट करजो’ म्हणायची. लीळाचरित्राच्या काळच्या मराठीत ‘कीजे’, ‘जाइजे’ अशी रूपे दिसली तेव्हा आजीच भेटल्यासारखे वाटले. मी सगळीकडे तोच अर्थ लावत सुटलो : कर बरं, ये बरं. काही ठिकाणी अर्थ जुळेना. नंतर व्याकरण पाहिले तेव्हा कळले की ही रूपे ‘केले जाते’, ‘करावे’ अशा अर्थांनी येतात. आजीच्या ‘करजो’शी त्यांचे दूरचे नाते असू शकेल, पण नाते म्हणजे एकरूपता नव्हे. बोलीने दार उघडून दिले. आत गेल्यावर दिवा मलाच लावायचा होता.

‘गोसावी’ हा आज एका समाजाचा आणि आडनावाचा शब्द. तिथे तो प्रभूसाठी आहे. ‘बीजे करणे’ म्हणजे जाणे, पण आदराने. ‘आरोगणा’ म्हणजे जेवण, ‘पहुड’ म्हणजे निजणे, ‘अवस्थान’ म्हणजे एका जागी काही काळ केलेला मुक्काम. या शब्दांची एक गंमत ध्यानात घ्यावी. क्रिया अगदी साध्या आहेत : जाणे, जेवणे, निजणे. शब्द मात्र पूजेतले आहेत. प्रत्येक वाक्यात माणसाचे साधे जगणे आणि भक्ताची श्रद्धा एकाच वेळी चालतात. केवळ वास्तव चित्रण म्हणून वाचणारा श्रद्धेचे शब्द गाळतो. केवळ श्रद्धेने वाचणारा साध्या क्रियांवरून पुढे सरकतो. दोन्ही हातांत धरून वाचणे जमले की ग्रंथ बोलू लागतो. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला जुन्या मराठीचा कोश आता हाताशी आहे. तो इंग्रजीत अर्थ देतो, त्यामुळे माझ्यासारख्याला दोन कोश उघडावे लागतात. तरी तो नसता तर मी अजून ‘वासने’तच अडकलो असतो.

लोणारला पोथी घेऊन

मेहकर आणि लोणार ही दोन्ही गावे लीळाचरित्रात आहेत. एकांकात मेहकरच्या बोणेबाईंचे प्रसंग येतात. लोणारला यादव राजा कान्हरदेव चक्रधरांना भेटल्याची लीळा आहे. आमच्या भागात या गोष्टीचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. परंतु अभिमानाने वाचनाची एक वेगळीच खोड लागते. माणूस ग्रंथात फक्त आपले गाव शोधतो, गावाचे नाव सापडले की खूण करतो आणि पुढची पाने उलटतो.

मीही तसेच केले. चक्रधरांच्या वास्तव्याच्या जागांची नोंद करणारी स्थानपोथी मिळवून मी एका हिवाळ्यात लोणारला गेलो. दैत्यसूदनाचे देऊळ पाहिले, धारेवर बसलो, सरोवराच्या काठाने चाललो. दिशा, दारे, अंतरे जुळवत होतो. काही जुळले, काही नाही. सातशे वर्षांत देवळे पडली, पुन्हा बांधली गेली, वाटा बदलल्या. संध्याकाळी परतताना लक्षात आले की दिवसभरात मी एकही लीळा वाचली नव्हती. ज्या पुस्तकाने इथे आणले ते पिशवीतच राहिले होते.

दुसऱ्या खेपेला खुणा जुळवायचा नाद सोडला. धारेजवळ बसून कान्हरदेवाची लीळा नुसती वाचली, मोठ्याने, दोनदा. इतिहासकार या लीळेकडे राजाच्या धार्मिक वृत्तीचा पुरावा म्हणून पाहतात. त्यांच्या कामासाठी ते योग्यच आहे. यादवकालीन महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास या ग्रंथावाचून लिहिता येणार नाही. पण मोठ्याने वाचताना मला जाणवले ते वेगळे. राजा आला म्हणून निवेदकाचा आवाज चढत नाही. बोणेबाईंबद्दल जसे सांगितले तसेच राजाबद्दल. एका चालीचे हे गद्य कुणासाठी उभे राहत नाही. हे पुरावा शोधताना दिसले नसते, कारण पुरावा शोधणारा काय सांगितले ते पाहतो; कसे सांगितले ते ऐकायला थांबावे लागते.

याच मेहकरात ना. घ. देशपांडे यांनी वकिली केली आणि ‘शीळ’मधल्या कविता लिहिल्या. गावात त्यांची ओळख अजून सांगितली जाते, पण त्यांचे संग्रह मागणारा वाचक दुर्मिळ. अभिमान आणि वाचन यांच्यातले अंतर सातशे वर्षे जुन्या ग्रंथापुरतेच नाही.

नरवेलचा वाचक

मलकापूर तालुक्यातल्या नरवेल या गावी २२ जून १९०८ रोजी विष्णु भिकाजी कोलते यांचा जन्म झाला. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू, १९६७ च्या भोपाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, पद्मश्री, ही त्यांची ओळख नेहमी सांगितली जाते. मला ते आमच्या जिल्ह्याने दिलेले सर्वांत मोठे वाचक वाटतात. ‘महानुभाव तत्त्वज्ञान’ (१९४५), ‘श्रीचक्रधर चरित्र’ (१९५२), स्थानपोथीचे संपादन, ताम्रपट-शिलालेखांचे वाचन आणि अखेर १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढलेले लीळाचरित्र. त्यांच्याआधी नागपूरच्या ह. ना. नेने यांनी १९३६ च्या सुमारास लीळाचरित्र छापायला आरंभ केला होता, आणि १९६४ ते १९६७ या काळात तुळपुळ्यांनीही त्याचे संपादन केले. म्हणजे चाळीसएक वर्षांत तीन मोठे वाचक एकाच ग्रंथाशी झुंजले.

कोलत्यांच्या कामातून मी घेतलेला धडा चिकाटीचा आहे. त्यांनी एकाच परंपरेच्या साहित्यात आयुष्य घातले. एक ग्रंथ कळायला शेजारचे दहा ग्रंथ वाचले, तत्त्वज्ञान कळायला चरित्र, चरित्र कळायला स्थळे, स्थळे कळायला शिलालेख. खूप पुस्तके वाचली की वाचक घडतो, असे आपण मुलांना सांगतो. एक पुस्तक खूपदा आणि खूप बाजूंनी वाचले तरी वाचक घडतो, हेही सांगायला हवे. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे ग्रंथालयात पुस्तके मोजकी असतात, तिथे तर ते आवर्जून सांगायला हवे.

त्यांच्या आवृत्तीतील काही मजकुरावर महानुभाव पंथीयांनी आक्षेप घेतला, मोठा वाद झाला आणि ती आवृत्ती सामान्य वाचकापासून दुरावली. या वादात एका बाजूला ग्रंथ ज्यांच्या नित्यपाठात आहे त्यांची श्रद्धा होती, दुसऱ्या बाजूला सर्व पाठ वाचकापुढे ठेवावेत ही संशोधकाची निष्ठा. माझी चूक दुरुस्त केली ती श्रद्धावान वाचकाने. ती दुरुस्ती मला पूर्ण समजली ती संशोधकांच्या संपादनांमुळे. या दोघांपैकी एकालाही मी सोडू शकत नाही. पारायण करणाऱ्याला शब्दांची जी सवय असते ती कोशाने येत नाही, आणि पाठभेदांकडे बघण्याचे जे धैर्य संशोधकाकडे असते ते नुसत्या पारायणाने येत नाही. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. या दोन वाचकांना एका सतरंजीवर बसवणे हे त्याचे पहिले काम व्हावे, अशी माझी अपेक्षा आहे.

शेवटी

गेल्या वर्षापासून रविवारी दुकान बंद झाल्यावर आम्ही चौघे बसतो. एक निवृत्त तलाठी, एक शिक्षिका, माझा पुतण्या आणि मी. तासाभरात दोन लीळा होतात, कधी एकच. एकाने मोठ्याने वाचायची, मग प्रत्येकाने तीच लीळा पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायची. चौघांची सांगणी जुळत नाहीत. तलाठ्यांना जागा आणि अंतर आठवते, शिक्षिकेला कोण गप्प राहिले ते आठवते, पुतण्याला बोलण्यातला खट्याळपणा. मग पुस्तक उघडून पाहतो की कुणाचे काय गळले.

मागच्या महिन्यात पुतण्याने वहीत चौघांची सांगणी लिहून काढली आणि प्रत्येकाच्या आधी नाव घालून पुढे एक शब्द लिहिला : वासना. मी काही शिकवले नव्हते. वहीचे ते पान मी दुकानात लावून ठेवले आहे. माझा चार पानांचा जुना लेखही त्याच्याच शेजारी आहे.